पाळणाघराचा खर्च आणि उद्योजकाचा प्राप्तिकर

कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवणाऱ्या किंवा त्याचा खर्च उचलणाऱ्या मालकाला भारताच्या प्राप्तिकर कायद्याने स्वतंत्र अशी कोणतीही सवलत दिलेली नाही, आणि त्यामुळे अनेक लहान उद्योजक या खर्चाकडे निव्वळ भुर्दंड म्हणून पाहतात. हा समज अपुरा आहे. कायद्यातील सर्वसाधारण तरतुदींमधून मिळणारा दिलासा बऱ्यापैकी मोठा आहे, मात्र तो पैसा कोणत्या रूपाने आणि कोणाच्या नावाने खर्च झाला यावर अवलंबून असतो. एकच रक्कम कामगाराला रोख भत्ता म्हणून दिली, एखाद्या न्यासाला वर्गणी म्हणून दिली, कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खात्यात दाखवली किंवा पाळणाघराच्या सेवेच्या बिलापोटी चुकती केली, तर करदृष्ट्या प्रत्येक वेळी निकाल वेगळा लागतो. ज्या उद्योजकाच्या कारखान्यात, कार्यालयात किंवा बांधकामावर लहान मुलांचे आईबाप काम करतात, त्याने हा फरक वर्षाच्या अखेरीस विवरणपत्र भरताना समजून घेण्याऐवजी वर्षाच्या आरंभीच समजून घेतला पाहिजे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ ने घेतली असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. कर सल्लागार आणि हिशेबनीस यांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक असल्यामुळे पुढील विवेचनात तेच वापरले आहेत, पण प्रत्यक्ष विवरणपत्र भरताना नवे क्रमांक तपासून घ्यावेत.

बंधन कोणावर आहे

पाळणाघर देणे कायद्याने बंधनकारक आहे की ऐच्छिक, या प्रश्नाचे उत्तर करआकारणीत दोन-तीन ठिकाणी निर्णायक ठरते, म्हणून आधी त्याचा विचार करावा लागतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ प्रमाणे ज्या कारखान्यात साधारणतः ३० हून अधिक महिला कामगार असतील, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पुरेशी जागा, उजेड आणि खेळती हवा असलेली स्वच्छ खोली ठेवणे आणि ती प्रशिक्षित स्त्रीच्या देखरेखीखाली देणे मालकावर बंधनकारक होते. मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ही कक्षा पुष्कळ वाढवली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला, मग तो कारखाना असो, दुकान असो वा संगणक क्षेत्रातील कार्यालय असो, १ जुलै २०१७ पासून पाळणाघराची सोय देणे आवश्यक झाले, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. ही ५० ची मोजणी स्त्री-पुरुष मिळून करायची असते, केवळ महिलांची नव्हे, ही बाब अनेक आस्थापनांच्या लक्षात येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्यावर ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६७ मध्ये आली आहे. तिचा लहान उद्योगांना उपयोगी पडणारा भाग असा की मालकाने स्वतःच पाळणाघर उभारले पाहिजे असे नाही. केंद्र वा राज्य शासनाचे, नगरपालिकेचे, खासगी संस्थेचे किंवा स्वयंसेवी संस्थेचे पाळणाघर वापरता येते, आणि अनेक आस्थापनांनी आपला पैसा एकत्र करून सामाईक पाळणाघर उभारले तरी चालते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी अशीच तरतूद असून एक किलोमीटरच्या परिघातील आस्थापनांना मिळून एक पाळणाघर ठेवण्याची परवानगी घेता येते. औद्योगिक वसाहतीत जेथे एकेका गाळ्यात २०-२५ माणसे काम करतात, तेथे हाच मार्ग व्यवहार्य आहे.

या बदलात एक गट मात्र काठावर राहतो. ज्या कारखान्यात एकूण ४५ कामगार असून त्यांपैकी ३५ महिला आहेत, तो जुन्या कारखाने अधिनियमाच्या मोजणीत येत होता, पण संहितेतील ५० च्या मोजणीत तो बसत नाही. अशा मालकाने केवळ बंधन सैल झाले म्हणून चालू असलेले पाळणाघर बंद करू नये, कारण खर्चाची करवजावट बंधनावर अवलंबून नसते, हे पुढे स्पष्ट होईल.

धंद्याचा खर्च म्हणून मिळणारी वजावट

प्राप्तिकर हा नफ्यावर आकारला जातो, आणि नफा काढताना जे खर्च उत्पन्नातून वजा करू दिले जातात त्यांना वजावट म्हणतात. ज्या खर्चासाठी कायद्यात स्वतंत्र कलम नाही, त्याला कलम ३७ (१) लागू होते. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा, तो भांडवली नसावा आणि मालकाचा वैयक्तिक नसावा, एवढ्याच त्याच्या मुख्य अटी आहेत. कामगारांच्या मुलांचे पाळणाघर या अटींत सहज बसते, कारण मूल सुरक्षित असले की आईची हजेरी टिकते, प्रशिक्षित कामगार काम सोडून जात नाही आणि उत्पादनाचे वेळापत्रक सांभाळले जाते.

असा खर्च कायद्याने भाग पाडला असेल तरच वजा होतो, हा गैरसमज आढळतो. ससून जे. डेव्हिड आणि कंपनी या मुंबईच्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली स्पष्ट केले की धंद्याच्या हितासाठी स्वखुशीने केलेला खर्चही वजावटीस पात्र असतो. या निकालात कायद्याच्या इतिहासाचा दाखलाही आहे: १९६१ च्या विधेयकात खर्च धंद्यासाठी ‘आवश्यक’ असला पाहिजे अशी जादा अट घालण्याचा प्रयत्न झाला होता, पण विरोधामुळे ती वगळण्यात आली. म्हणून ३५ महिलांच्या कारखान्याने स्वेच्छेने चालवलेले पाळणाघरही वजावटीच्या दृष्टीने तितकेच ग्राह्य आहे.

आकड्यांत हा दिलासा कसा दिसतो हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, तयार कपडे शिवणाऱ्या एका युनिटमध्ये ६५ कामगार असून पाळणाघरात १८ मुले येतात. एक सेविका आणि दोन मदतनीस यांचे वेतन दरमहा प्रत्येकी १५,००० रुपये धरल्यास वर्षाला ५,४०,००० रुपये, खोलीचे भाडे १,८०,००० रुपये, दूध व खाऊ १,६२,००० रुपये आणि वीज, पाणी, साबण, औषधपेटी व स्वच्छता ७८,००० रुपये, असा एकूण ९,६०,००० रुपयांचा खर्च होतो. हे युनिट कंपनी असून तिने कलम ११५ बीएए खालील सवलतीचा २२ टक्के दर स्वीकारला असेल, तर अधिभार आणि उपकर धरून तिचा प्रभावी दर २५.१६८ टक्के होतो, आणि या खर्चामुळे तिचा सुमारे २,४१,६०० रुपयांचा कर वाचतो. तेच युनिट भागीदारी संस्था असेल, तर उपकरासह ३१.२ टक्क्यांनी २,९९,५२० रुपये वाचतात. म्हणजे दरमहा दर मुलामागे दिसणारा ४,४४४ रुपयांचा खर्च प्रत्यक्षात कंपनीला सुमारे ३,३२५ रुपयांना आणि भागीदारी संस्थेला सुमारे ३,०६० रुपयांना पडतो. मात्र संस्था नफ्यात असेल आणि तिला कर भरावा लागणार असेल तरच हा फायदा त्या वर्षी पदरात पडतो, हे विसरू नये.

पाळणे, बिछाने, कपाटे, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र किंवा खोलीचे बांधकाम यांवरचा खर्च भांडवली असतो, म्हणजे त्याचा उपयोग अनेक वर्षे होणार असल्यामुळे तो एकाच वर्षात वजा करता येत नाही. त्यावर दरवर्षी घसारा, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी ठरावीक टक्केवारीची वजावट, मिळतो. फर्निचर आणि इमारत यांना १० टक्के आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के असे त्याचे दर आहेत, आणि मालमत्ता पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. मार्च महिन्यात घाईने पाळणे खरेदी करून पूर्ण वर्षाचा घसारा मागणे त्यामुळे शक्य होत नाही. उलट खोली भाड्याने घेतली तर भाडे पूर्णपणे चालू वर्षातच वजा होते, आणि हाताशी भांडवल कमी असलेल्या युनिटने पहिली दोन-तीन वर्षे भाड्याच्या खोलीतच पाळणाघर चालवावे, हे हिशेबाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे.

खर्चाचे रूप चुकले तर

बहुतेक नुकसान येथे होते, म्हणून या भागावर थोडे सविस्तर थांबले पाहिजे.

पहिली चूक रोख भत्त्याची आहे. ‘पाळणाघर भत्ता’ म्हणून दरमहा पगारात काही रक्कम जोडणे मालकाला सोपे वाटते, आणि त्याला ती वेतनखर्च म्हणून वजाही मिळते. पण कामगाराच्या दृष्टीने तो पगारच असतो. मुलांच्या शिक्षण भत्त्याला जशी तुटपुंजी का होईना पण स्वतंत्र सूट होती, तशी पाळणाघर भत्त्याला नाही. मूल प्रत्यक्षात पाळणाघरात जाते की नाही याची खात्री उरत नाही, आणि भत्ता देऊन ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेवरचे सोय पुरवण्याचे बंधनही आपोआप संपत नाही. याचाच दुसरा प्रकार असा की आईवडील आपल्या नावाने बाहेरच्या पाळणाघरात मूल ठेवतात आणि मालक त्यांचे बिल चुकते करतो. कर्मचाऱ्याने स्वतः द्यायची रक्कम मालकाने भरली तर ती कलम १७ (२) नुसार ‘पर्क्विझिट’, म्हणजे पगाराशिवाय मिळालेला करपात्र लाभ, ठरते. पाळणाघराशी करार आस्थापनेच्या नावाने असावा, बिल आस्थापनेच्या नावाने यावे आणि सोय सर्व पात्र कर्मचाऱ्यांना सारख्या नियमाने खुली असावी, ही त्यावरची वाट आहे. मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत या लाभाचे मूल्य कसे धरायचे, याचे मत सल्लागाराकडून लेखी घेऊन ठेवावे. कारखान्यातील बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न व्यवहारात उद्भवत नाही, कारण नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजार रुपयांपर्यंतच्या पगारावर कर भरावा लागत नाही.

दुसरी चूक सामाजिक दायित्वाच्या खात्याची आहे. कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपन्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असतो, त्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करावी लागते, आणि व्यवहारात या खर्चाला ‘सीएसआर’ म्हणतात. मुलांसाठी खर्च म्हणजे समाजकार्यच, असे समजून काही कंपन्या पाळणाघराचा खर्च या खात्यात दाखवण्याचा मोह धरतात. तसे केल्याने दोन्हीकडून तोटा होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम सीएसआर म्हणून मोजले जात नाही, आणि सीएसआर म्हणून दाखवलेला खर्च कलम ३७ (१) च्या स्पष्टीकरणानुसार वजावटीस अपात्र ठरतो. आपल्या कामगारांचे पाळणाघर धंद्याच्या खर्चात आणि वस्तीतील इतर मुलांसाठी चालवलेले केंद्र सीएसआरमध्ये, अशी दोन खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत.

तिसरी चूक अधिक नकळत होते आणि ती नेमकी सामाईक पाळणाघराच्या वाटेवर आडवी येते. एखाद्या औद्योगिक वसाहतीतील दहा-बारा उद्योजक एकत्र येतात, न्यास किंवा संस्था नोंदवतात आणि प्रत्येक जण तिला दरवर्षी ‘वर्गणी’ देतो. परंतु कलम ४० ए (९) असे सांगते की मालकाने मालक या नात्याने कोणत्याही निधीला, न्यासाला, कंपनीला किंवा संस्थेला दिलेली वर्गणी वजा मिळणार नाही. भविष्य निर्वाह निधीसारखे काही अपवाद आणि अन्य कायद्याने आवश्यक केलेली रक्कम एवढेच त्यातून सुटते. ज्याच्याकडे ५० हून कमी कामगार आहेत आणि ज्याच्यावर बंधन नाही, अशाच लहान मालकाला हे कलम सर्वांत जास्त नडते, हा या तरतुदीचा अन्याय आहे. त्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे वर्गणीची पद्धत टाळणे. सामाईक संस्थेने प्रत्येक उद्योजकाशी सेवाकरार करावा, त्यात किती मुलांच्या जागा राखल्या आणि दर जागेमागे दरमहा शुल्क किती हे लिहावे, आणि प्रत्यक्ष सेवेचे मासिक बिल द्यावे. मग ती रक्कम वर्गणी राहत नाही, सेवेचा मोबदला ठरते.

देणगीचा मार्गही अनेकांच्या मनात येतो. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची भारतात जुनी परंपरा आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था सुरू केली आणि पुढे मुंबई व पुण्यातही अशा कामाने मूळ धरले. अशा मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर कलम ८० जी खाली सर्वसाधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण २२ टक्के दर स्वीकारलेल्या कंपनीला ती मुळीच मिळत नाही. बांधकाम व्यावसायिकाने आपल्याच बांधकामावर अशा संस्थेकडून पाळणाघर चालवून घेतले, तर देणगीची पावती घेण्यापेक्षा सेवाकरार करणे कराच्या दृष्टीने श्रेयस्कर. ५० हून अधिक महिला मजूर असलेल्या बांधकामावर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच पाळणाघर आवश्यक केले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

वस्तू व सेवा कर

खरेदीवर भरलेला वस्तू व सेवा कर विक्रीवरील करातून वळता करून घेण्याच्या सोयीला ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ म्हणतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७ (५) ने काही खर्चांवर ही सोय बंद केली आहे, आणि त्यात खाद्यपदार्थ व केटरिंग येतात. मात्र जी वस्तू वा सेवा कर्मचाऱ्यांना देणे मालकावर कोणत्याही कायद्याने बंधनकारक आहे, तिच्यावर १ फेब्रुवारी २०१९ पासून ही सोय मिळते, आणि ६ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने हा अपवाद खाद्यपदार्थ व केटरिंग ज्या खंडात येतात त्यातील सर्व बाबींना लागू असल्याचे स्पष्ट केले. पाळणाघराच्या खाण्यापिण्याचा पुरवठा बाहेरून घेणाऱ्या आस्थापनेने आपल्यावरील कायदेशीर बंधनाचे कलम कराराच्या पहिल्याच परिच्छेदात नोंदवावे. खोलीचे नवे बांधकाम किंवा भांडवली स्वरूपाची दुरुस्ती यांवर मात्र ही सोय मिळत नाही, आणि भाड्याची खोली स्वस्त पडते त्याचे हे आणखी एक कारण आहे.

टिकणारी कामगार आणि तीस टक्क्यांची वजावट

पाळणाघराशी वरवर संबंध नसलेली एक तरतूद येथे मुद्दाम सांगावी लागते. कलम ८० जेजेएए प्रमाणे लेखापरीक्षण आवश्यक असलेल्या धंद्याने कामगारसंख्या वाढवली, तर नव्या कामगारांच्या वेतनाच्या ३० टक्के इतकी जादा वजावट सलग तीन वर्षे मिळते, आणि ती २२ टक्के दर स्वीकारलेल्या कंपनीलाही मिळते. त्यासाठी नव्या कामगाराचे मासिक वेतन २५,००० रुपयांपर्यंत असावे, ते बँकेतून दिले जावे, कामगार भविष्य निर्वाह निधीत सहभागी असावा आणि वर्षात किमान २४० दिवस कामावर असावा लागतो. तयार कपडे, पादत्राणे आणि चामड्याच्या वस्तूंच्या उद्योगात ही अट १५० दिवसांची आहे. लहान मुलाला सांभाळायला कोणी नाही म्हणून स्त्री पाच-सात महिन्यांत काम सोडते, तेव्हा मालकाची ही वजावट दिवसांच्या अटीवरच अडू शकते. पाळणाघराचा खर्च आणि या कलमाखालील फायदा यांचा एकत्रित हिशेब मांडून पाहिल्याशिवाय ‘परवडत नाही’ असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर, एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख रक्कम दिल्यास ती वजा मिळत नाही, म्हणून वेतन आणि बिले बँकेतूनच द्यावीत. पाळणाघर चालवणाऱ्या ठेकेदाराच्या बिलातून, वर्षाची एकूण रक्कम १ लाख रुपयांच्या वर किंवा एकच बिल ३०,००० रुपयांच्या वर जात असल्यास, व्यक्ती असेल तर एक टक्का आणि संस्था असेल तर दोन टक्के कर कापून भरावा, नाहीतर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नाकारला जातो. ठेकेदार सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर त्याचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावेत. मुलांचे हजेरीपत्रक, त्यात प्रत्येक मुलासमोर आई किंवा वडिलांचा कामगार क्रमांक, ही वही सर्वांत महत्त्वाची आहे, कारण खर्च धंद्यासाठी झाला याचा तिच्याइतका थेट पुरावा दुसरा नाही.

अमेरिकेतील स्वतंत्र सवलत

करसवलत म्हणून नेमकी तरतूद कशी असू शकते हे पाहायचे तर अमेरिकेच्या संघीय कायद्याकडे वळावे लागते, आणि तेथे स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या मराठी माणसांना तर तिचा थेट उपयोग आहे. २००१ च्या कायद्याने तेथील करसंहितेत कलम ४५ एफ आले. कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या संगोपनकेंद्रावर मालकाने केलेल्या खर्चाच्या २५ टक्के आणि पालकांना योग्य केंद्र शोधून देण्याच्या सेवेवरील खर्चाच्या १० टक्के इतकी रक्कम थेट करातून वजा होत असे, पण वर्षाला कमाल १,५०,००० डॉलरपर्यंतच. वजावट उत्पन्नातून कमी होते, तर ही सवलत प्रत्यक्ष भरायच्या करातूनच कमी होते, त्यामुळे तिचे मोल अधिक असते. तरीही तिचा वापर अत्यल्प राहिला: अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१६ या वर्षासाठी अंदाजे १६९ ते २७८ कंपन्यांच्या विवरणपत्रांतच ती मागितली गेली होती. केंद्र उभारण्याचा आरंभीचा खर्च मोठा आणि सवलत लहान, शिवाय अनेकांना तिची माहितीच नाही, अशी त्याची कारणे होती.

४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने हे चित्र बदलले आहे. ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चावर सवलतीचा दर ४० टक्के आणि कमाल मर्यादा ५ लाख डॉलर झाली असून, लहान व्यवसायांना ५० टक्के दराने ६ लाख डॉलरपर्यंत सवलत मिळते. मागील पाच वर्षांची सरासरी उलाढाल सुमारे ३ कोटी डॉलरच्या आसपासच्या, महागाईनुसार बदलणाऱ्या मर्यादेत असेल तो व्यवसाय येथे लहान समजला जातो. अनेक लहान व्यवसायांनी मिळून एक केंद्र चालवणे आणि मध्यस्थ संस्थेमार्फत जागा राखून घेणे या दोन्ही गोष्टी आता स्पष्टपणे मान्य आहेत. एखाद्या दंतवैद्यकीय दवाखान्याने परवानाधारक केंद्रात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला ८०,००० डॉलरच्या जागा राखल्या, तर ४०,००० डॉलर करातून कमी होतात आणि उरलेले ४०,००० डॉलर नेहमीच्या खर्चात वजा होतात. एकाच रकमेवर दोन्ही लाभ मात्र घेता येत नाहीत. सवलत फॉर्म ८८८२ वर मागायची असते, आणि कर कमी पडल्यामुळे न वापरता आलेली रक्कम पुढे वीस वर्षे नेता येते. सोय जास्त पगाराच्या कर्मचाऱ्यांना झुकते माप देणारी नसावी, आणि स्वतः बांधलेले केंद्र दहा वर्षांच्या आत बंद केले वा विकले तर त्याच्यावर घेतलेली सवलत वर्षागणिक कमी होत जाणाऱ्या प्रमाणात परत करावी लागते, या दोन अटी इमारत बांधण्यापूर्वी नीट वाचाव्यात. याच कायद्याने कर्मचाऱ्याला करमुक्त मिळू शकणाऱ्या संगोपन साहाय्याची वार्षिक मर्यादाही २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० डॉलरवर नेली आहे.

भारतात या दिशेचे एक छोटे पाऊल पूर्वी पडले होते. कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सुविधांवर मालकाकडून घेतला जाणारा ‘फ्रिंज बेनिफिट टॅक्स’ २००५ मध्ये आला, आणि २००८ च्या अर्थसंकल्पाने पाळणाघरावरील खर्च त्यातून वगळला. पुढच्याच वर्षी तो करच रद्द झाल्यामुळे ती सूटही विस्मरणात गेली. तिच्या जागी आज तीन गोष्टी मागता येतील: आस्थापनेने पुरवलेल्या पाळणाघराचे मूल्य कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरले जाणार नाही असे कायद्यात स्पष्ट लिहावे, सामाईक पाळणाघराला दिलेली वर्गणी कलम ४० ए (९) च्या बंदीतून सोडावी, आणि ५० हून कमी कामगार असतानाही स्वेच्छेने पाळणाघर चालवणाऱ्या लहान उद्योगाला खर्चाच्या दीडपट वजावट द्यावी. अर्थमंत्रालय दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी उद्योगसंघटनांकडून सूचना मागवते. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, इचलकरंजी, नाशिक येथील संघटनांनी या तीन मागण्या आपल्या निवेदनात घालाव्यात, आणि त्या मान्य होईपर्यंत वाट न पाहता प्रत्येक उद्योजकाने येत्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तारखेपूर्वी पाळणाघराचा सेवाकरार आपल्या आस्थापनेच्या नावाने करून ठेवावा.